दहा परस खाली

दिवस कलायला अजून तासभर आहे अशी वेळ निवडा. शेतातल्या विहिरीपाशी जा, पण कठड्यापासून चार पावलं लांब, लिंबाच्या सावलीत बसा. सोबत कुणाला तरी घ्या. आज पाण्यात उतरायचं नाही, तरी घ्या. पाण्याजवळ एकट्यानं जायचं नाही, ही सवय आजपासूनच लागलेली बरी.

गेले काही दिवस एक गोष्ट तुमच्या मनात घोळते आहे. कुणीतरी मालवणला जाऊन आलं, पाठीवर नळकांडं बांधून समुद्राच्या तळाशी मासे पाहून आलं आणि त्यानं तो व्हिडिओ तुम्हाला दाखवला. तुम्हाला वाटलं, हे आपल्याला यायला हवं. नुसतं हात धरून एकदा फिरवून आणलं, तसं नको, नीट शिकायचं. त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला: आपण साखऱ्याचे. कुठे हिंगोलीतला सेनगाव तालुका, कुठे समुद्र. आणि तिसरा: पैसे किती लागतील?

तिन्ही विचार आहेत तसे राहू द्या. कुणालाही हाकलू नका. आज फक्त त्यांच्याजवळ बसायचं आहे.

आधी श्वासाकडे बघा. तो मुद्दाम लांबवू नका, आखडू नका. येतो तसा येऊ द्या, जातो तसा जाऊ द्या. निवांत बसलेला माणूस मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वास घेतो, आणि एका वेळी साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे मिनिटाला सहा ते आठ लिटर. आजवर या हवेचा हिशेब ठेवायची वेळ आली नाही, कारण ती मोजून मिळत नव्हती. पाण्याखाली ती मोजूनच मिळते. पैशाचा विचार करायला बसलो तरी सुरुवात इथून करायची, ती यासाठी.

आता पोहायला शिकलात ते दिवस आठवा. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काकाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या हातात. मग एक दिवस भोपळा सुटला, आणि पुढच्या उन्हाळ्यात पोरांमध्ये पैज लागू लागली की तळाचा गाळ कोण वर आणतो. छाती भरून दम घ्यायचा, नाक दाबायचं, सूर मारायचा. ज्याचा दम मोठा तो जिंकला. मराठवाड्यातल्या पोराला पाण्याखाली जायचं म्हणजे दम धरायचा, एवढं पक्कं ठाऊक असतं.

पाठीवर नळकांडं बांधून मारायच्या बुडीला स्कूबा म्हणतात. ते शिकवणारा पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला याच्या अगदी उलट सांगतो. पाण्याखाली श्वास कधीही धरून ठेवायचा नाही. चुकूनही नाही, क्षणभरही नाही.

इथे थोडं थांबू या, कारण या एका नियमात सगळं शास्त्र आहे. विहिरींची खोली आपल्याकडे परसात सांगतात. परस सहा फुटांचा धरला, तर साडेपाच परस म्हणजे जवळपास दहा मीटर. दर दहा मीटर पाण्याचा दाब वरच्या सगळ्या वातावरणाच्या दाबाइतका असतो. जमिनीवर एक वातावरण, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. पाण्याची बाटली उघडी करून, उपडी धरून दहा मीटर खाली नेली, तर आतली हवा दाबली जाऊन निम्म्या जागेत मावते. तीच बाटली वर आणली की हवा पुन्हा फुलते. विहिरीत दम धरून गेलेल्या पोराच्या छातीत हेच होतं: वरून नेलेली हवा खाली आकसते, वर येताना मूळ आकाराला येते. धोका नाही. पण स्कूबाचा माणूस खाली गेल्यावर, खालच्याच दाबाची हवा नळकांड्यातून घेत असतो. दहा मीटरवर त्यानं छाती भरून घेतली, तोंड मिटलं आणि घाबरून वर झेप घेतली, तर ती हवा वर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते. छाती दुप्पट होत नाही. फुप्फुस फाटतं. फार खोल जावं लागतं असंही नाही. भरल्या छातीनं दीड-दोन मीटर वर येणंसुद्धा घातक ठरू शकतं.

म्हणून श्वास चालू ठेवायचा. आत, बाहेर, आत, बाहेर. आत्ता बसल्या जागी चालला आहे तसाच. विहिरीनं तुमची पाण्याची भीती घालवली, हे तिचं मोठं देणं. पण तिनं लावलेली दम धरायची सवय सोडायला तुम्हाला वेळ द्यावा लागेल. पोहणाऱ्याला स्कूबा सोपं जातं हे खरं, आणि विहिरीत बुड्या मारलेल्याला ही एक गोष्ट अवघड जाते हेही खरं.

डोळे मिटा. मनात आणा की तोंडात रबरी तोटी आहे, ओठ तिच्याभोवती बंद आहेत. त्या तोटीला जोडलेल्या झडपेला रेग्युलेटर म्हणतात. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कूस्तो हा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनिअर, या दोघांनी मिळून ती आज आपण वापरतो त्या रूपाला आणली. युद्धाच्या टंचाईत गाड्या पेट्रोलऐवजी गॅसवर चालवायच्या, म्हणून गान्यांनी एक झडप तयार केली होती. तीच पाण्याखाली कामाला आली. तिचं काम एवढंच: तुम्ही ओढाल तेव्हा, ओढाल तितकी, आणि तुम्ही आहात त्या खोलीच्या दाबाची हवा देणं. ओढली नाही तर ती गप्प. नळकांड्यात ऑक्सिजन असतो असं गावात सगळे म्हणतात. तसं नाही. आत्ता लिंबाखाली घेताय तीच हवा, पाचवा हिस्सा ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन, गाळून, कोरडी करून, दोनशे पट दाबून भरलेली असते.

नाकानं श्वास घेणं थांबवा, तोंडानं घ्या. पाचसहा वेळा घ्या. विचित्र वाटतं ना? वाटू द्या. आता स्वतःला विचारा: मला हे कशासाठी हवंय?

उत्तराची घाई करू नका. कुणाला मासे आणि प्रवाळ बघायचे असतात, कुणाला मालवणसारख्या ठिकाणी काम मिळेल अशी आशा असते. कुणाच्या मनात वेगळंच असतं: येलदरी किंवा सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात कुणी बुडालं की आपण काठावर उभे राहतो, भोई बांधव गळ टाकून शोधतात, आणि आपल्याला काहीच करता येत नाही, हे सलत असतं. ही शेवटची तळमळ खरी असली तरी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. हौशी डायव्हिंगचं प्रमाणपत्र धरणाच्या गढूळ, अंधाऱ्या, झाडाझुडपांनी भरलेल्या पाण्यात शोध घ्यायला पुरत नाही. त्याचं शिक्षण वेगळं आहे, साधनं वेगळी आहेत. अर्ध्या शिक्षणावर त्यात उतरलेला माणूस दुसरा बळी ठरतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांची एक कथा सगळ्यांनी ऐकलेली आहे. तीर्थयात्रेत, मारवाडाच्या वाळवंटात, ज्ञानदेवांना आणि नामदेवांना तहान लागली. विहीर सापडली, पण पाणी फार खोल. ज्ञानदेव योगबळानं सूक्ष्म होऊन खाली उतरले, पाणी पिऊन आले. नामदेव काठावर बसून विठ्ठलाला आळवत राहिले, आणि विहीर भरून वर वाहिली. कीर्तनात ही कथा भक्तीचा मोठेपणा सांगायला येते. मला ती ऐकताना नेहमी त्या काठाचा विचार येतो. एकाच तहानेच्या दोन माणसांनी दोन वाटा घेतल्या, आणि कुणी कुणाला कमी लेखलं नाही. खाली उतरलंच पाहिजे असं नाही. आज बसून विचार केल्यावर तुम्हाला कळलं की मला समुद्र बघायचा आहे, किनाऱ्यावर बसून, पायाला लाटा लागू देत, एवढंच हवं आहे, तर तेही पूर्ण उत्तर आहे. त्याचा खर्च रेल्वेच्या तिकिटाएवढा.

आणि तरीही उतरायचंच असं आतून आलं, तर पुढे चला.

पहिली पायरी साखऱ्यातच आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. जगभर सर्वांत जास्त घेतला जाणारा सुरुवातीचा अभ्यासक्रम ओपन वॉटर डायव्हर नावाचा आहे. पाडी ही १९६६ साली सुरू झालेली संस्था तो चालवते, आणि इतरही संस्थांचे तशाच धाटणीचे अभ्यासक्रम आहेत. पाडीचं प्रमाणपत्र मिळवायला दोन गोष्टी पाण्यात करून दाखवाव्या लागतात: न थांबता दोनशे मीटर पोहणं, आणि दहा मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगत राहणं. वेळेची अट नाही, कुठल्या पद्धतीनं पोहता याचीही नाही. पंचवीस फुटी विहिरीत काठाकाठानं एक फेरी साधारण वीस मीटरची होते. दहा फेऱ्या. हळू, धापा न टाकता. दहाव्या फेरीनंतर कडेला न चिकटता पाठीवर पडून राहायचं, आभाळाकडे बघत. गावात पोरं कशी पोहतात ते आठवा: धपाधप हात मारत, शर्यतीनं. इथे तसं नको. पाण्याशी झगडणं जितकं कमी होईल तितकी पुढे हवा वाचते.

दोन गोष्टी मात्र करू नका. प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्यात सरावाला उतरू नका. कडा उतरत्या आणि बुळबुळीत असतात. चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही, आणि दरवर्षी अशा बातम्या आपण वाचतो. आणि दम वाढवायचा म्हणून भराभर श्वास घेऊन मग खोल बुडी मारू नका. भराभर श्वासानं शरीराची धोक्याची घंटा बंद पडते. हवेची गरज आहे हे कळायच्या आत माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो. स्कूबाला मोठा दम लागतच नाही. मग त्याचा सराव कशाला?

आता कानांकडे लक्ष द्या. तळाचा गाळ आणायला गेलात तेव्हा कानात ठणका लागला होता, आठवतं? दोन-तीन मीटरवरच लागतो. आपण तो सोसला, वर आलो, कानात दडे बसले, दोन दिवसांनी सुटले. डायव्हिंगमध्ये कान सोसायचे नसतात. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, नाकातून अगदी हलकी फुंकर मारायची. कानात टप् असा आवाज येतो आणि दाब सारखा होतो. दुखायला लागायच्या आधी, दर हातभर उतरताना. आत्ता बसल्या बसल्या करून बघा. हलकेच, जोर लावायचा नाही. एका कानात झालं आणि दुसऱ्यात नाही, तर ती माहिती डॉक्टरांना सांगायची आहे.

म्हणून दुसरी पायरी हिंगोलीत. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन कानाचे पडदे तपासून घ्या. दम्याचा त्रास, फिट, हृदयाचं काही, छातीचं ऑपरेशन, क्षयरोग होऊन गेलेला: काहीही लपवू नका. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला प्रश्नांचा एक कागद भरायला देतात, आणि त्यातल्या काही प्रश्नांना 'हो' आलं तर डॉक्टरची लेखी परवानगी लागते. सातशे किलोमीटर जाऊन तिथे नकार मिळण्यापेक्षा तो इथेच मिळालेला बरा.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा, आणि त्यात सावकाश फिरा. तुम्ही प्रशिक्षणाच्या तलावात, छातीभर पाण्यात, गुडघ्यांवर बसला आहात. डोकं पाण्याखाली आहे. तोंडात रेग्युलेटर, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क. समोर गुरू. तो खूण करतो: मास्कमध्ये पाणी घे. तुम्ही वरची कड बोटानं जराशी उचलता. गार पाणी आत येतं, भुवयांवरून उतरतं, नाकपुड्यांशी टेकतं, डोळ्यांच्या खालपर्यंत चढतं. याच क्षणी सगळं शरीर सांगतं, ऊठ, वर जा. तिथे नुसतं राहायचं. तोंडानं श्वास चालू. आत, बाहेर. मग वरची कड कपाळाशी दाबून धरायची, हनुवटी हळूच वर करायची, आणि नाकानं लांब, एकसारखा उच्छ्वास सोडायचा. हवा मास्कमध्ये वर जमते, पाणी खालच्या कडेतून बाहेर जातं. काच स्वच्छ. समोरचा माणूस अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतो: ठीक आहे. तुम्हीही तसाच गोल करता. नुसता अंगठा वर केला तर पाण्याखाली त्याचा अर्थ 'छान' असा नसतो. 'वर चला' असा असतो.

एवढंच. दीड मिनिटाचं काम. पण या दीड मिनिटात किती जण उठून उभे राहतात, आणि त्यात वाईट काही नाही. पुन्हा बसायचं, पुन्हा करायचं. घाबरलेलं मन आणि चालू असलेला श्वास एकाच वेळी असू शकतात हे इथे कळतं. अभ्यासक्रमातली बाकीची कौशल्यं, म्हणजे तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधणं, जोडीदाराची हवा वाटून घेणं, जाकिटात हवा कमी-जास्त करून अधांतरी राहणं, ती याच पायावर उभी आहेत.

आता पैसे. आता ते मोजायला मन तयार आहे.

ओपन वॉटरचा पूर्ण अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो: वाचन, तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. आपल्या देशात त्याला ठिकाण आणि हंगाम पाहून साधारण पंचवीस ते चाळीस हजार रुपये पडतात. साधनं बहुतेक ठिकाणी त्यातच येतात. मधला तीस हजारांचा आकडा घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. त्या भावानं तीस हजार म्हणजे साडेपाच क्विंटलच्या वर, आणि मोंढ्यात तोही भाव हातात पडत नाही हे तुम्ही जाणता. म्हणजे धरून चला, एका एकराचं सोयाबीन. बियाणं, खत, फवारणी, काढणीची मजुरी वजा न करता. त्यात प्रवास, राहणं, जेवण आणि आठवडाभर बुडालेलं काम मिळवा.

हा आकडा मनात धरून बसा. त्याची लाज वाटू देऊ नका आणि तो लहानही करू नका. घरात कुणाचं शिक्षण, कुणाचं आजारपण, बँकेचा हप्ता यांच्यापुढे तो उभा करून बघा. मला स्वतःला ठाम वाटतं की यासाठी कर्ज काढू नये. ओपन वॉटरचं प्रमाणपत्र नोकरी देत नाही. डायव्हमास्टर या व्यावसायिक पायरीपर्यंत जायचं तर आणखी बरेच पैसे आणि महिने जातात. पण दोन-तीन वर्षं थोडं थोडं बाजूला टाकून एका एकराचं सोयाबीन स्वतःच्या आनंदासाठी खर्च करणारा माणूस उधळ्या असतो, हेही मी मान्य करत नाही. लग्नाच्या एका मांडवाला आपण याच्या कितीतरी पट घालवतो आणि कुणी विचारत नाही. समुद्राखालचं जग फक्त किनाऱ्यावरच्यांनी आणि मोठ्या पगाराच्यांनी पाहायचं, असं कुठे लिहिलेलं नाही. वयाची अटही फार आडवी येत नाही: दहा वर्षांच्या पुढे कुणीही शिकू शकतं, आणि वरची मर्यादा तब्येत ठरवते.

एक खर्च असा आहे की तो तुमच्याच हातात आहे. बारा लिटरच्या नळकांड्यात दोनशे बार दाबानं भरलेली हवा म्हणजे २,४०० लिटर. त्यातले पन्नास बार राखीव ठेवून वर यायचं. वापरायला उरले १,८००. नवशिका शांत असेल तर पोहताना जमिनीच्या हिशेबानं मिनिटाला वीस लिटर घेतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून चाळीस. पंचेचाळीस मिनिटं. तोच माणूस घाबरलेला, हातपाय मारणारा असेल तर दुप्पट ओढतो, आणि बावीस-तेवीस मिनिटांत काटा लाल रेघेशी येतो. फी तीच, समुद्र तोच. सुरुवातीला लिंबाखाली मोजलेला श्वास इथे उपयोगी पडतो. रोज दहा मिनिटं तसं बसा: तोंडानं, सावकाश, सोडताना थोडा जास्त वेळ, आणि मध्ये कुठेही न अडवता.

जायचं कुठे? आपल्यासाठी मालवण. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा शिकवणारी संस्था आहे, आणि आजूबाजूला खासगी केंद्रंही बरीच आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होड्यांवरून पर्यटकांना थोडा वेळ खाली नेऊन आणतात, ते हजार-दोन हजारांपासून पुढे मिळतं. ते शिकणं नव्हे. तिथे शिकवणारा तुम्हाला धरून असतो, आणि जे काही करायचं ते तोच करतो. मुंबई-पुण्याच्या माणसानं आधी ते करून बघावं आणि मग अभ्यासक्रमाला परत जावं, हे ठीक. साखऱ्याहून दोनदा जाणं म्हणजे प्रवासाचा खर्च दुप्पट. मी म्हणेन, पोहणं आणि कान इथेच पक्के करा आणि एकदाच, सरळ अभ्यासक्रमाला जा. आधी फोन करून विचारा: एका शिक्षकाकडे पाण्यात किती जण असतील? मराठीत समजावून सांगाल का? पहिल्या दिवशी तलावात कान सुटलेच नाहीत, तर उरलेले पैसे परत मिळतील का? होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट असतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालून सुखरूप वर आल्यावर, किनाऱ्याच्या वाटेवर.

वेळही आपल्या शेताच्या वेळापत्रकात बसते. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. पाऊस सरल्यावर हंगाम सुरू होतो, आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी बऱ्यापैकी निवळलेलं असतं. सोयाबीनचे पैसे आलेले, हरभरा पेरून झालेला, हळद काढणीला अजून लागलेली नाही.

आणि खाली काय आहे ते मनात आणायला हरकत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतं. खडकांवर प्रवाळ आहेत, तांबोशी आहे, गोब्रा आहे, पोपट मासे प्रवाळ कुरतडत फिरतात. खाली रंग एकेक करून निघून जातात. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषतं: पाच-सहा मीटरवर कुंकू मळकट तपकिरी दिसू लागतं. हळदीचा पिवळा त्याच्याही खाली टिकतो. मास्कच्या काचेतून सगळं तिसऱ्या हिश्शानं मोठं दिसतं. बघायचं, हात लावायचा नाही. बोटाएवढा प्रवाळ वाढायला वर्षं लागतात, आणि तो आपल्या पायपंख्याच्या एका फटक्यानं तुटतो. पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा अठरा मीटर, म्हणजे दहा परस. तेवढं खोल पहिल्या वेळी जाण्याची काही गरज नसते. उजेड, रंग आणि मासे बहुतेक वरच्या दहा मीटरमध्येच असतात.

आता परतीचा विचार करा, कारण घाटावरच्या माणसाला तो किनाऱ्यावरच्यापेक्षा जास्त करावा लागतो. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. तो हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग ठेवायचा नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. घाईनं वर आलं तर त्याचे बुडबुडे धरतात. विमानात बसण्याआधी एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान अठरा तास जाऊ द्यावेत, हा नियम यासाठीच आहे. आपण विमानानं जात नाही. पण सहाशे मीटरच्या वरच्या उंचीलाही हीच काळजी लागू पडते, आणि कोल्हापूरकडे यायला आंबोली किंवा गगनबावडा धरला तर त्याहून उंच चढावं लागतं. म्हणून शेवटचा डाइव्ह झाला की त्याच संध्याकाळी गाडीत बसू नका. मालवणात मुक्काम करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात जा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केलेल्या या किल्ल्यात, चहूकडे खारं पाणी असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. विहिरीच्या मुलखातल्या माणसानं त्या पाहिल्याशिवाय येऊ नये. घाट दुपारनंतर चढा. कोल्हापूरहून नागपूरला जाणारी गाडी मिरज, पंढरपूर, लातूर, परभणी करत हिंगोलीला येते. ती रोज नसते, म्हणून मुक्काम तिच्या वारावर आखा.

घरी आल्यावर दोन दिवस अंगाकडे लक्ष असू द्या. सांध्यात खोल दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, नेहमीपेक्षा फार थकवा, चक्कर: यातलं काही जाणवलं तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून जाऊ नका. दवाखान्यात गेल्या गेल्या, नाव सांगायच्या आधी सांगा की मी दोन दिवसांपूर्वी समुद्रात डायव्हिंग केलं आहे, किती खोल आणि किती वेळा, आणि मला ऑक्सिजन लावा. सेनगावच्या किंवा हिंगोलीच्या डॉक्टरांसमोर असा पेशंट सहसा येत नाही. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना ते सुचायचं कारण नाही. शिकवणाऱ्या केंद्राचा नंबर आणि डाइव्हची नोंदवही सोबत ठेवा, आणि डॉक्टरांना तिथे फोन लावून द्या.